ब्रेकचा प्रेशर सेन्सर घरी बदलताना

प्रश्न : ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांचे पिवळे दिवे लागले आहेत, ब्रेक मात्र नेहमीसारखे लागतात. गॅरेजमध्ये प्रेशर सेन्सर बदलायला सांगितला आहे. घरी खात्री करता येईल का?

उत्तर : बऱ्याच अंशी येईल, आणि नवा सेन्सर विकत घेण्याआधी ती करावीच. पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइलमध्ये किती दाब तयार झाला, हे हा सेन्सर कंट्रोल युनिटला कळवतो आणि युनिट ते ब्रेकलाइटच्या स्विचशी ताडून पाहते. दोघांचे जुळले नाही की अनेक गाड्यांत बिघाडाचा कोड सेन्सरच्या नावाने नोंदला जातो, दोष मात्र त्या स्वस्त स्विचचा असू शकतो. म्हणून पाय काढताच मागचे दिवे लगेच विझतात का, हे आधी पाहा. मग इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर काढा आणि पिनांवर हिरवट गंज किंवा ओल आहे का ते तपासा. त्यानंतर एबीएसचा लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर लावा. केवळ इंजिनचे कोड वाचणारा येथे उपयोगाचा नाही. पाय पॅडलवर नसताना आकडा शून्याच्या आसपास हवा आणि पॅडल सावकाश दाबत गेल्यावर तो न अडखळता चढायला हवा. पाय काढल्यावरही दहा-पंधरा बार (दाबाचे एकक) दिसत राहिले, तर सेन्सरवरचा संशय रास्त आहे. पिवळ्यांसोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर गाडी चालवू नका.

प्रश्न : सेन्सर काढण्याचे काम स्वतः करावे का?

उत्तर : तो कुठे बसवला आहे, यावर ते ठरते. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीत तो मास्टर सिलिंडरवर (पॅडल दाबल्यावर ऑइलमध्ये दाब तयार करणारा भाग) बाहेरून आट्यांनी बसवलेला असतो आणि योग्य पाना असल्यास निघतो; फोक्सवॅगन गोल्फच्या पाचव्या पिढीत तो एबीएस युनिटच्या आत असतो, आणि तिथे मी घरी हात घालू नका असेच सांगेन. बाहेरचा सेन्सर काढताना खाली कापड ठेवा, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. उघडे छिद्र क्षणभरही मोकळे राहू देऊ नका. नवा सेन्सर आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवा आणि मग कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरावीक जोरानेच) आवळा.

प्रश्न : सेन्सर बदलला, पण पॅडल स्पंजसारखे लागते आणि दिवाही विझत नाही.

उत्तर : लाइनमध्ये हवा शिरली आहे. गाडी रस्त्यावर काढू नका. रिझर्व्हॉयरमधील ऑइल किमान खुणेखाली जाऊ न देता, कंपनीने सांगितलेल्या क्रमाने चारही चाकांचे ब्लीडिंग करा, म्हणजे ऑइलसोबत हवा बाहेर काढा. तरीही पॅडल घट्ट झाले नाही, तर हवा एबीएस युनिटमध्ये अडकलेली असू शकते. ती काढायला स्कॅनरवरून पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात, आणि हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावे. दिव्याचे कारण निराळे असू शकते : अनेक गाड्यांत नव्या सेन्सरचा शून्यबिंदू स्कॅनरने शिकवावा लागतो, आणि त्या वेळी पॅडलला पायाचा स्पर्शही चालत नाही.

प्रश्न : ब्रेक ऑइल डॉट ४ प्रकाराऐवजी डॉट ५ प्रकाराचे भरावे का?

उत्तर : मुळीच नाही. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाड्यांना चालत नाही. झाकणावर लिहिलेलेच ऑइल, तेही सीलबंद डब्यातले, वापरा. डॉट ४ हवेतील ओल शोषते. त्याचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओल धरल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, आणि घाटाच्या लांब उतारावर हा फरक पायाला जाणवतो.