व्हिडिओ गेममधल्या चाली पाच जणांच्या जॅझ बँडसाठी कशा बसवाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत पाच जण आहात, ट्रम्पेट, आल्टो सॅक्स, कीबोर्ड, बास गिटार आणि ड्रम. मारिओ, झेल्डा असल्या गेममधल्या चाली जॅझ ढंगात बसवून गणपतीत वाजवायच्या आहेत, पण यूट्यूबवरच्या बँडसारखं भरीव काही वाजत नाही. फुंकणारे दोघं लग्नाच्या बँडमधून आलेत, त्यांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, येत नाही. मी इथं बेळगावात अशाच एका छोट्या बँडला चाली लिहून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भरीव वाजवायचा नाद आधी सोडा. तुम्ही जे ऐकताय त्यात पितळी वाद्यांची अख्खी फौज असते. गेममधल्या चाली जॅझमध्ये वाजवणाऱ्या एट-बिट बिग बँडला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं ते अरेंजमेंटसाठीच, म्हणजे कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं त्या मांडणीसाठी, पण ती अरेंजमेंट फौजेसाठी लिहिलेली. ऐका जरूर, उतरवून घेऊ नका. खरं तर मूळ गेमचं संगीत तुमच्याच मापाचं आहे. जुन्या निन्टेन्डो गेमयंत्राच्या आवाजाच्या चिपमध्ये पाचच आवाज होते: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक रेकॉर्ड केलेले छोटे तुकडे वाजवणारा. दोन चौकोनी म्हणजे तुमचे ट्रम्पेट आणि सॅक्स, त्रिकोणी म्हणजे बास, खरखर म्हणजे ड्रम. पाचव्याचा वापर त्या मानानं कमीच व्हायचा. म्हणजे मूळ चाल तुमच्या चौघांत पूर्ण होते आणि कीबोर्डवाला वरकड उरतो. त्याला हे प्रेमानं सांगा, कारण निम्मा गोंधळ त्याच्या दहा बोटांमुळे होत असणार. डाव्या हातानं कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचा, तिसरा आणि सातवा सूर, बस्स. उजवा हात सोलो येईपर्यंत मांडीवर.

उतरवताना सुरुवात बासपासून करा. सगळे चालीपासून करतात आणि तिथंच फसतं. त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करायची सोयच नव्हती, चालू किंवा बंद एवढंच. त्यामुळे त्या संगीतकारांनी बासची गंमत जोरात ठेवली नाही, हालचालीत ठेवली. ती नुसती साथ नसते, बऱ्याचदा दुसरी चालच असते. जॅझ म्हटल्यावर बासवाला सवयीनं चार-चार पावलं टाकत वॉकिंग सुरू करतो आणि ही दुसरी चाल पुसली जाते. माझा नियम असा की मूळ चाल वाजत असताना मूळचाच बास, आणि सोलो सुरू झाला की वॉकिंग. तेवढ्या एका बदलानं ऐकणाऱ्याला कळतं की आता मंडळी मोकळी सुटली.

एक जागा उघडून दाखवतो. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची कोजी कोंडो यांची मुख्य चाल घ्या. पहिल्याच ठोक्याला वर ई, मध्ये एफ शार्प, खाली डी. तीनच सूर, पण कान त्यात डी नाइन कॉर्ड ऐकतो, पाचवा सूर ए आणि सातवा सूर सी मात्र गायब असतात. तो सी कीबोर्डला द्या. झालं, सुरुवात जॅझ झाली, चालीला हात लावावा लागला नाही. पुढच्या ओळीत बी, बी फ्लॅट, ए अशी अर्ध्या-अर्ध्या सुरांची घसरण आहे. ती ट्रम्पेट आणि सॅक्सला एकाच सुरात देऊ नका. ट्रम्पेटला चाल ठेवा, सॅक्सला खालचा आवाज, आणि घसरणीवर सॅक्सही सोबत घसरू दे. दोघांनी सतत बरोबरीनं वाजवलं की लग्नाची वरात वाटते. वरातीला माझा विरोध नाही, पण तुम्हाला जॅझ हवंय.

आता पट्टी. मूळ चाल पांढरी एकमध्ये, म्हणजे सीमध्ये आहे. तुमचा ट्रम्पेटवाला सी वाजवतो तेव्हा पेटीवर काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट ऐकू येते, आल्टोवाला सी वाजवतो तेव्हा काळी दोन, म्हणजे ई फ्लॅट. त्यामुळे मूळ पट्टीत आल्टोला तीन शार्प येतात, ट्रम्पेटला दोन. हट्ट कशाला? सगळं एक सूर खाली आणून काळी पाचमध्ये घ्या. ट्रम्पेटला ती त्याची घरची पट्टी, आल्टोला एकच शार्प. नोटेशन येत नसेल तर प्रत्येकाला त्याच्या वाद्याच्या हिशेबानं सरगम लिहून द्या, पट्टीचं गणित तुम्ही कागदावरच संपवा. तालमीत 'तुझा सा की माझा सा' हा वाद सुरू झाला की संध्याकाळ गेलीच. चोर्ला घाटापलीकडच्या मंडळींनी मुंबईत हेच काम केलं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड हे गोव्याचे अरेंजर. चाल संगीतकाराची, पण कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते यांनी लिहिलं. हिंदी सिनेमाची जुनी गाणी त्या कानानं ऐका, कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त मिळेल.

आणखी एक, चिपला दम लागत नाही. माणसाला लागतो. गेममधल्या चाली श्वासाला जागा न ठेवता लिहिलेल्या असतात. ओळ मध्येच तोडण्यापेक्षा अर्धी ट्रम्पेटला, अर्धी सॅक्सला द्या आणि सांध्यावरचा एक सूर दोघांना ठेवा.

खरी अडचण वेगळीच आहे. या चालींना शेवट नसतो. खेळणारा अडकला तर तासभर फिरत राहावं म्हणूनच त्या केलेल्या. आपल्याला मात्र थांबावं लागतं, आणि आवाज हळूहळू बारीक करणं मंडपात शोभत नाही. मारिओच्या चालीत ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी अशी चढती तीन कॉर्डची ओळ आहे. काळी पाचमध्ये ती जी फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट होते. हिची तिहाई करा. तीनदा घ्या, मध्ये ड्रमला दोन मात्रा मोकळ्या सोडा, तिसऱ्यांदा बी फ्लॅटवर सम. न्यूयॉर्कचा जॅझवाला असं करणार नाही, पण टाळी हमखास येते बघा.

सोलोसाठी अख्खी चाल फिरवू नका, फार लांब पडते. बी फ्लॅट, जी सेव्हन, सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन एवढं चक्र लावा, प्रत्येकी दोन फेऱ्या पुष्कळ. गल्लीतल्या मंडपात लोक उभ्यानं ऐकतात, पोरं पुढं असतात, त्यांना ओळखीची चाल लवकर परत हवी असते. लग्नाच्या बँडमधल्या माणसाला मात्र कॉर्डची नावं ऐकून धडकी भरते. त्याच्यासाठी झेल्डाची वादळाची चाल घ्या, १९९८ च्या ओकारिना ऑफ टाइममधली. तीन मात्रांची आहे, आणि डीला सा मानलं तर सुरुवातीची सुरावट काफी थाटात बसते. त्याला फक्त 'काफी, दादऱ्याच्या अंगानं' एवढं सांगा आणि बाजूला व्हा.

टेट्रिसची चाल सगळ्यांना माहीत असते, म्हणून सगळ्यात आधी तीच घ्यावीशी वाटेल. ती मूळची रशियन लोकधून. जॅझला कोरडी पडते असं माझं मत. घ्यायचीच तर एकदम संथ घ्या.

सीमाभागात या संगीताची एक सोय आहे, शब्दच नाहीत. मराठी मंडळापुढं वाजवा नाहीतर कन्नड संघापुढं, पाटीवर काय लिहायचं ते संयोजक बघतील.

ड्रमवाल्याला पूर्ण नोटेशन देऊ नका. चालीच्या कागदावर जिथं सगळ्यांनी मिळून ठोका मारायचा तिथं फुल्या करून द्या, मधलं त्याचं तो बघेल. मंडपात पहिलं वर्ष असेल तर काठ्यांऐवजी हलक्या आवाजाचे तारांचे ब्रश द्या, नाहीतर सॅक्स ऐकूच येणार नाही.