मला स्वतःला चित्र काढता येत नाही. जि. प. शाळेत चौथीच्या मुलांना चित्रकला कशी शिकवू?

फळ्यावर चित्र काढता येत नाही ना, ते तुमच्या मुलांच्या पथ्यावरच पडेल!

मी ए.टी.डी. (कला शिक्षक पदविका) करून चित्रकला शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा पहिली काही वर्षं फळ्यावर चित्रच काढून द्यायचो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. चाळीस वह्यांत तेच चित्र चाळीस वेळा. आमच्या सपाट मुलखातल्या कित्येक पोरांनी ना डोंगर पाहिलेला, ना नारळाचं झाड. याचं मला आजही वाईट वाटतं.

एकदा कावळा काढायला सांगितला. सगळ्यांनी काळाकुट्ट रंगवला. मग त्यांना व्हरांड्यात नेलं. खिचडी शिजायची त्या शेडपाशी कावळे असायचेच. वही-पेन्सिल वर्गात ठेवून दहा मिनिटं नुसतं बघायचं, बोलायचं नाही. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, त्याची मान काळी नाहीये. राखेसारखी आहे." वर्गात येऊन तिनं कोळशावर खडू घासला, बोटानं पुसून पुसून ती राखी मान आणली. माझं खरं शिकवणं त्या दिवशी सुरू झालं.

चौथीचं वय मात्र नाजूक. पहिली-दुसरीतलं पोर आईला घरापेक्षा मोठी काढतं आणि खूश असतं. नवव्या-दहाव्या वर्षी चित्र हुबेहूब हवं वाटायला लागतं, ते जमत नाही, मग खोडरबर घासून कागद फाटतो आणि "मला येत नाही" सुरू होतं. अशा वेळी त्याच्या कागदावर आपली पेन्सिल अजिबात चालवू नका. प्रश्न विचारा. तांब्या समोर ठेवा: उभं राहून बघितलंस तर त्याचं तोंड कसं दिसतं? खाली बसून बघितलंस तर? उत्तर तो स्वतःच शोधतो.

रंगपेटी सगळ्यांकडे नसेल. गेरू, कोळसा, हळद पुरते. हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला की पिवळ्याचा लाल होतो, तेव्हा वर्गाचे चेहरे बघण्यासारखे असतात (चुना तुम्हीच टाका, मुलांच्या डोळ्यांत जायला नको). कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचा विचार आत्ता नको. पण सांगतो, त्या परीक्षांत मुलं हमखास अडकतात ती स्मरणचित्रात, म्हणजे समोर काही न ठेवता आठवून काढायच्या चित्रात. बाजारातला माणूस ओझं उचलताना कसा वाकतो, हे कधी निरखलेलंच नसतं.

पहिल्या तासाला शाळेतल्या झाडाखाली बसवा. फांदी बुंध्यातून नेमकी कुठून फुटते, एवढंच बघू द्या आणि मग काढू द्या. चित्रांना गुण देऊ नका. भिंतीवर लावाल ती मात्र सगळ्यांची लावा, निवडक पाच नव्हे.