ईएसआर वाढलाय, म्हणजे कॅन्सरच का?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ईएसआर किंवा सीआरपी (शरीरात दाह, म्हणजे आतली सूज, आहे का ते दाखवणाऱ्या दोन चाचण्या) यांचा आकडा ठळक अक्षरांत छापून आला की बरीच माणसं हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही. पण तो आकडा उशाशी घेऊन माणसं रात्र कशी काढतात, ते मी रोज ऐकते.

५४ वर्षांच्या एक बाई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नेहमीच्या तपासणीत ईएसआर ४६ निघाला, म्हणून घाबरून आठवड्याभरात दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त देऊन आल्या. दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "सीआरपी बघा. तेव्हा ०.७ होतं, आता ८. अकरा पटींनी वाढलंय!"

मी आकड्यापुढच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. पहिल्या लॅबने मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर लिहिलं होतं, दुसरीने प्रति लिटर. म्हणजे पहिल्या आकड्याला दहाने गुणायचं. ०.७ म्हणजेच ७. सातावरून आठ, बस्स. त्या दोन्ही कागद आलटूनपालटून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग आठवडाभर झोप उडाली ती कशापायी?"

झोप उडण्यामागे आणखी एक कारण होतं. घरी विषय काढला की उत्तर ठरलेलं: "काही होत नाही, उगाच डोक्यात घेऊ नकोस." धीर द्यायलाच म्हणतात सगळे, पण त्यामुळे बाई अगदी एकट्या पडल्या होत्या. भीती बोलून दाखवायची सोयच उरली नव्हती. म्हणून आधी त्यांना पोटभर बोलू दिलं. आकडे त्यानंतर.

शरीरात कुठेही जंतुसंसर्ग, इजा किंवा दाह झाला की यकृत सीआरपी हे प्रथिन जास्त तयार करतं. ते काही तासांत चढतं आणि कारण मिटलं की दोन-चार दिवसांत झपाट्याने उतरतं. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते. दाह असला की रक्तातल्या काही प्रथिनांमुळे पेशी एकमेकींना चिकटून लवकर खाली बसतात. पण वय वाढलं, रक्त कमी असलं, तरीही हा आकडा वाढतो आणि उतरायला कित्येक आठवडे घेतो. दाह कुठे आहे, कशाचा आहे, हे दोन्हींपैकी एकही चाचणी सांगत नाही. कॅन्सरचं नाव तर नाहीच नाही.

ईएसआर किती चालेल याचा स्त्रियांसाठी एक ढोबळ हिशोब आहे: वयात १० मिळवून निम्मे करायचे. बाईंसाठी ते ३२ येतात. रिपोर्टवर मात्र सरसकट २० ही मर्यादा छापलेली. त्याच पानावर हिमोग्लोबिन ९.८ होतं, म्हणजे रक्त कमी; त्याकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. मला खरी काळजी त्याची वाटली.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही कागदावर लिहिले: रक्त कमी का आहे? ईएसआर त्यामुळे वाढला असेल का? आणखी कोणती तपासणी हवी? पुन्हा रक्त कधी द्यायचं? तोवर आपल्या मनाने लॅबमध्ये जायचं नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. हे त्यांना फार जड गेलं. तपासण्यांमध्ये लोहाची कमतरता निघाली आणि बरेच दिवस दुर्लक्षित राहिलेला हिरड्यांचा संसर्ग. दोन्हींवर उपचार झाले, तीन महिन्यांनी ईएसआर ३० वर आला.

सगळ्यांचंच असं साधं निघतं असं मात्र मी म्हणणार नाही. ईएसआर शंभराच्या वर असेल, वजन आपोआप घटत असेल, संध्याकाळी ताप किंवा रात्री घाम येत असेल, तर कारण शोधायलाच हवं. आणि पन्नाशीनंतर कानशिलात नव्यानेच दुखू लागलं, घास चावताना जबडा भरून आला किंवा नजर अंधुक झाली, तर तो रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नंतर या.