बंदर कुणाचं, हे विचारण्याआधी

'सरकारी की खाजगी?' या प्रश्नापासून सुरुवात करू नका, घोळ तिथेच होतो. आधी चार गोष्टी सुट्या करा: जमीन कुणाची, धक्के बांधून गाळ कोण काढतं, क्रेन कुणाच्या, कामगारांना पगार कोण देतं. चारही सरकारकडे असतील तर ते सेवा बंदर. क्रेन सरकारी पण माल हाताळणारे खाजगी, तर साधन बंदर. यात क्रेन बंद पडली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मोठ्या बंदरांत जास्त दिसतो तो जमीनमालक प्रकार: जमीन सरकारकडे, क्रेन आणि कामगार खाजगी कंपनीचे. रॉटरडॅमची बंदर कंपनी महापालिका आणि डच सरकारच्या मालकीची आहे, टर्मिनल, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे तळ, मात्र खाजगी कंपन्या चालवतात. अशा टर्मिनलांचे करार बहुधा 25-30 वर्षांचे असतात, आणि खरी मालकी या कागदातच कळते. करारासाठी बोली लावताना कुणी बंदराला महसुलातला फार चढा वाटा देऊ केला असेल तर सावध व्हा: माल कमी आला की तोच फेरवाटाघाटी मागतो. खाडीची खोली किती मीटर राखायची, हे लिहिलेलं हवं; नाहीतर गाळ साचतो, मोठी जहाजं वळत नाहीत आणि भांडण कोर्टात जातं. मुदतीअखेर यंत्रं कुणाची, हेही बघा. ते मोघम असेल तर शेवटच्या वर्षांत देखभालीला कुणी पैसा घालत नाही.

पूर्ण खाजगी बंदर, उदाहरणार्थ ब्रिटनमधलं फेलिक्सस्टो, तुलनेने विरळा. जवळपास दुसरं बंदर नसेल, तर दरांवर नियामक आहे का ते आधी तपासा.