गाडी परत जाताना काय भरून जाते, ते आधी बघा

पाच माणसांचा लँडस्केपिंगचा व्यवसाय आहे, तो पर्यावरणाला कमी त्रास देणारा करायचाय, तर सुरुवात रिकाम्या प्लॅस्टिक कुंड्या गोळा करण्यापासून करू की बॅटरीवरची यंत्रं घेऊ, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही नको, निदान पहिल्या वर्षी तरी नको. कुंड्या डोळ्यांना दिसतात म्हणून टोचतात. वजनात बघाल तर आपल्या धंद्याचा कचरा म्हणजे माती, राडारोडा, फांद्या आणि पालापाचोळा.

महिनाभर एक साधी वही ठेवा. साइटवरून गाडी निघताना तिच्यात काय होतं आणि ते कुठे रिकामं केलं, हे एका पानावर. त्याच साइटवर बाहेरून काय आणलं, ते समोरच्या पानावर. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वही कुणाला दाखवायची लाज वाटली. एकाच बागेतून सोमवारी वाळलेली पानं भरून फेकायला नेली होती आणि गुरुवारी तिथेच कंपोस्टची पोती उतरवली होती. पायवाटेसाठी खणलेली माती बाहेर गेली होती आणि वाफे उंच करायला माती विकत आली होती. दोन्ही खेपांचं डिझेल आपलं, मजुरी आपली.

म्हणून खरा निर्णय कचऱ्याच्या डब्यापाशी होत नाही, तो नकाशा आणि कोटेशन करताना होतो. खणून किती माती निघेल आणि भराव किती लागेल, याचा हिशेब कागदावर जुळवा. थोडी जास्त निघत असेल तर एखादा उंचवटा आराखड्यातच धरा. वरचा काळसर, सुपीक थर आधी वेगळा काढायचा, खालची माती त्यात मिसळू द्यायची नाही. साठवताना ढीग दोन मीटरच्या वर नेऊ नका, आतली माती गुदमरते. आणि ओली असताना यंत्र घालू नका. दाबून घट्ट झालेली माती कितीही खत घातलं तरी लवकर सुधारत नाही.

आता हिरव्या कचऱ्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

लॉनचं कापलेलं गवत लॉनवरच सोडा. 'त्याने थर साचतो' हे अनेक वर्षं ऐकतोय. साचणारा थर मुख्यतः मुळांचा आणि चिवट खोडांचा असतो. कापलेल्या पात्यांत बहुतांश पाणीच असतं, ती लवकर विरघळून जातात आणि लॉनला लागणाऱ्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा परत देऊ शकतात. अट एकच: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. गवत गुडघ्याएवढं वाढू दिलं किंवा ओलं कापलं तर गठ्ठे पडतात, खालचं गवत पिवळं पडतं आणि मालक म्हणतो, काम अर्धवट टाकून गेले. तेव्हा हे काम सुरू करण्यापूर्वीच सांगायचं.

कंपोस्ट ढिगाला घाबरू नका, पण अंदाजपंचे दाहोदरसेही करू नका. कर्ब आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असलं की ढीग छान तापतो. ताज्या गवतात हे प्रमाण १५ ते २० असतं, वाळलेल्या पानांत साधारण ४० ते ८०, आणि लाकडाच्या चुऱ्यात कित्येक शे. म्हणून नुसतं गवत सडून घाण वास मारतं आणि नुसता चुरा वर्षभर तसाच बसतो. रोज कागद-पेन्सिल घेऊन बसायची गरज नाही: घमेलंभर गवताला दोन-तीन घमेली सुकी पानं. मूठभर माल दाबल्यावर पिळलेल्या फडक्यासारखा ओलसर लागला पाहिजे, पाणी गळता कामा नये. ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा, नाहीतर उष्णता टिकत नाही. लांब थर्मामीटर घ्या. उघड्या ढिगाच्या आत ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमान पंधरा दिवस राहिलं आणि तेवढ्यात पाच वेळा पालटलं, तर तणाचं बी आणि रोग बहुतेक मरतात. हरळी आणि लव्हाळा मात्र मी ढिगात घालतच नाही. कडेच्या थंड भागात एक गाठ जिवंत राहिली तरी तुम्हीच ती दहा बागांत पेराल.

एक चूक मला महागात पडली, ती सांगतो. एका मालकाने लॉनवर रुंद पानांचं तण मारणारं औषध मारलं होतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. ते गवत ढिगात गेलं, ढीग उत्तम तापला, कंपोस्ट काळंभोर झालं, वास मातीचा. दुसऱ्या बागेत घातल्यावर टोमॅटोची पानं वळून फर्नसारखी झाली. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड, पिक्लोराम ही औषधं कंपोस्टच्या उष्णतेत पुरती मोडत नाहीत आणि अगदी किंचित प्रमाणातही टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांना बाधतात. गवतावर ती परिणाम करत नाहीत, म्हणून लॉन बघून काहीच कळत नाही. तेव्हापासून प्रत्येक तयार ढिगातून काही कुंड्यांत कंपोस्ट-माती आणि काहींत नुसती माती भरून घेवडा लावतो. दोन-तीन आठवड्यांत पहिल्या कुंड्यांतली पानं वाकडी आली तर त्या ढिगाचं कंपोस्ट कुणाच्याही बागेत जात नाही. आणि औषध मारलेल्या लॉनचं गवत त्याच लॉनवर राहतं.

फांद्यांसाठी चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं यंत्र. चुऱ्याचं आच्छादन सात ते दहा सेंटीमीटर जाड, खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकवून ढीग रचण्याची फॅशन कुठून आली कोण जाणे, साल कुजते. ताजा चुरा मातीतला नत्र ओढून घेतो ही भीती निम्मी खरी आहे: मातीत मिसळला तर ओढतो, वर पसरला तर परिणाम पृष्ठभागापुरताच राहतो. त्याखाली प्लॅस्टिकचं तणरोधक कापड मात्र घालू नका. दोन-तीन वर्षांत वरचा चुरा कुजून माती होते, तण त्यातच रुजतं आणि मग ते फाटकं कापड मुळांतून तुकड्या-तुकड्याने उपटत बसावं लागतं.

चिपरमध्ये काय जाऊ नये हे माणसांना हातात धरून दाखवा. जुनं कुंपण, डेकच्या फळ्या, रेल्वेचे स्लीपर. कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या जुन्या लाकडात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असू शकतं. अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापरासाठी असं लाकूड देणं २००३ अखेर थांबवलं, पण आधीचं लाकूड अजून बागांतून निघतं. स्लीपरमध्ये क्रिओसोट हे लाकूड टिकवणारं डांबरी तेल असतं. दोन्ही चुऱ्यात नकोत आणि शेकोटीत तर नकोतच. आर्सेनिक जळून नाहीसं होत नाही, धुरात आणि राखेत राहतं.

राडारोड्याचं सोपं आहे. फोडलेल्या काँक्रीटचे मोठे सपाट तुकडे पायवाटेला किंवा बुटक्या भिंतीला सुरेख दिसतात, बारीक चुरा फरशीखाली भराव म्हणून चालतो. तो अल्कधर्मी असतो, तेव्हा अझेलिया, कॅमेलिया, ब्लूबेरी अशा आम्ल माती लागणाऱ्या झाडांजवळ नको. नवी फरशी जमेल तिथे वाळूवर बसवा, सिमेंटमध्ये नाही. पुढच्या माणसाला ती अख्खी उचलता येईल.

कुंड्या, एकदाच्या. मापानुसार एकात एक रचून नर्सरीला परत द्या, घेत नसतील तर घेणारी नर्सरी शोधा. पुन्हा वापरताना माती घासून काढा आणि एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, नाहीतर मूळकुजीचे जंतू फुकट घरपोच. काळ्या कुंड्या पुनर्वापराच्या डब्यात टाकून समाधान मानू नका. त्यांतलं काजळीचं रंगद्रव्य इन्फ्रारेड किरण शोषतं, त्यामुळे प्लॅस्टिक निवडणाऱ्या बऱ्याच यंत्रांना त्या दिसतच नाहीत.

यंत्रांबद्दल: चालू असलेलं यंत्र भंगारात काढून नवं घेऊ नका. जे मरेल त्याच्या जागी बॅटरीचं घ्या, पहिला नंबर पालापाचोळा उडवणाऱ्या टू-स्ट्रोक ब्लोअरचा. त्या इंजिनात इंधनाचा चौथा ते तिसरा हिस्सा न जळताच बाहेर पडू शकतो, आणि तो आपल्या माणसाच्या नाकाशी. उतरवलेलं इंजिन ऑइल झाकणाच्या डब्यात वेगळं साठवून पुनर्प्रक्रियेला द्या. त्यात पेट्रोल मिसळलं तर कुणी घेत नाही. निकामी लिथियम बॅटरी साध्या कचऱ्यात गेली तर कचऱ्याच्या गाडीत पेट घेऊ शकते.

कोटेशनमध्ये आता मी एक ओळ घालतो: 'निघालेली माती, पाला व फांद्या शक्य तिथे याच जागेत वापरल्या जातील, बाहेर न्यायच्या असल्यास वाहतूक वेगळी.' निम्म्याहून जास्त लोक वाहतुकीचा आकडा बघून पहिला पर्याय घेतात. कार्डावर 'शून्य कचरा' वगैरे छापू नका, पहिल्याच पावसाळी आठवड्यात तोंडघशी पडाल.

तुमच्या यार्डाची जागा किती आहे ते लिहिलं नाहीत. ढीग पालटायला मोकळी जागा नसेल किंवा शेजारी भिंतीला लागून असेल, तर यंदा कंपोस्ट सोडा. चिपर भाड्याने घेऊन फांद्या जिथल्या तिथे पसरा आणि ढिगाचं पुढच्या हंगामात बघा.