खोकताना लघवी निसटते, त्यावरचं टेपचं ऑपरेशन किती वर्षं टिकतं?
ताई, चोपड्याहून तुम्ही आईबद्दल विचारलंय. बहुतेकींना टेपचा फायदा वर्षानुवर्षं टिकतो. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवायची ही पद्धत १९९६ पासूनची. उत्तर युरोपात ९० बायकांवर केलेल्या अभ्यासात १७ वर्षांनी ज्यांच्याशी संपर्क झाला, त्यांतल्या सुमारे ८७ टक्के जणींना पूर्ण किंवा बराच आराम होता. अभ्यास लहान, पण धीर देणारा.

मात्र घाईची लघवी, म्हणजे संडासापर्यंत पोचेपर्यंत दम न निघणं, हा त्रास वेगळा. तो टेपने जाईलच असं नाही, कधी नव्याने सुरूही होतो. थोड्या जणींत जाळी योनीत उघडी पडते किंवा दुखत राहतं, आणि ती पूर्ण काढणं अवघड असतं. हे सही करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचाराच.

त्याआधी निदान ३ महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून करू द्या. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या, केळीचे घड उचलणाऱ्या बाया हे लाजेपायी वर्षानुवर्षं सोसतात, याचं फार वाईट वाटतं. जळगाव-धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभाग आहे, दुसरं मत तिथे घेता येईल. ऑपरेशननंतर जड उचलणं कधी सुरू करायचं, तेही विचारून घ्या.