साऱ्या तालुक्याला ठाऊक, फक्त मला नाही

‘नवऱ्याची लग्नाआधीची मैत्रीण आता कामाच्या निमित्ताने परत भेटते. बोलू नका म्हणता येत नाही आणि मला झोप लागत नाही.’ समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न शिक्षकांच्या घरातून येतो, बँकेतल्या बायका विचारतात, क्वचित नवरेही विचारतात. इथे सांगते ती हकिकत राजकारणातल्या घरची आहे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. ताई आणि आबा, एवढंच म्हणू.

आबा खानदेशातल्या एका जिल्हा परिषदेचे सदस्य. निकाल त्रिशंकू लागला. अध्यक्षपद अडीच वर्षांचं, त्यामुळे तीन-चार सदस्यांच्या गटालाही भाव आला. पलीकडच्या पक्षातल्या अशाच एका गटाची पुढारी म्हणजे आबांची कॉलेजातली मैत्रीण. वक्तृत्व स्पर्धांना दोघं बरोबर जायची. लग्नाचं बोलणं निघालं आणि जातीवरून तिथेच मिटलं. राज्यात 2011 मध्ये पंचायत राजमध्ये बायकांना निम्म्या जागा राखीव झाल्या, तेव्हा तिच्या सासरच्यांनी तिला उभं केलं. सह्यांपुरती बाई हवी होती त्यांना. निघाली पक्की राजकारणी. तिच्याशी मोकळं बोलू शकेल असा माणूस एकच, म्हणून पक्षाने वाटाघाटी आबांवर सोपवल्या.

मग नेहमीचंच. रात्रीचे फोन, ते घेऊन अंगणात जाणं, सदस्यांना ‘सहली’ला नेणं. त्यातच श्रावणातला कानबाईचा सण आला. रोटांच्या नैवेद्यासाठी सगळी भाऊबंदकी घरात आणि आबा गायब. चुलीपुढे बसलेल्या ताईंना जाऊबाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. हॉटेलात सहा-सात माणसं, त्यात आबा आणि ती. ‘हीच ना ती?’ जाऊबाई म्हणाल्या. ताईंना ‘ती’ म्हणून कुणी होती हेच त्या दिवशी कळलं.

माझ्याकडे आल्या तेव्हा पहिला प्रश्न, ‘यांच्या मनात अजून आहे का हो?’ मी म्हटलं, ते मला कळणार नाही, कदाचित त्यांनाही धड सांगता येणार नाही. पण नेमकं कुठे लागलं? बराच वेळ गप्प राहून त्या अहिराणीवर आल्या. ‘मनं काय चुकनं? सासूले ठाऊक, जाऊले ठाऊक, ड्रायव्हरले ठाऊक. मलेच नही.’

माझ्या मते गाठ इथे होती. अशा वेळी बहुतेक बायका त्या बाईचं वय, साड्या, फोनच्या वेळा यांत अडकतात. ताईंना जिव्हारी लागलं होतं ते आपल्याच घरात परकं ठरणं.

आबांशी वेगळं बोलले. ‘मॅडम, काही असतं तर लपवलं असतं. काही नाहीच, मग सांगायचं काय?’ वकिली उत्तर. खरं तर काही नसतानाही त्यांनी लपवलं होतं. एक तर लग्नात आईने बजावलेलं, हा विषय पुन्हा काढायचा नाही. दुसरं, त्यांचा धंदाच असा, की जमेपर्यंत कुणाला वास लागू द्यायचा नाही. सभागृहाबाहेर जे शहाणपण, ते घरात आणलं की बायको विरोधी पक्षात बसते.

मग दोघांना एकत्र बसवलं. आबांनी जुनी गोष्ट एका बैठकीत पूर्ण सांगायची, फोन बाहेर ठेवून. ताईंनी विचारलं, ‘नको कोण म्हणालं? ती की तुम्ही?’ आबा म्हणाले, ‘मी घाबरलो.’ ताई चक्क हसल्या. ‘अजूनही आईपुढे तोंड उघडत नाहीत.’ त्यानंतर दोघं जरा सैल झाले.

ठरलं ते साधं होतं. राजकारणातले आकडे आबांनी सांगायची गरज नाही. पण भेट कुठे, सोबत कोण, हे ताईंना आधी कळणार, आणि तेही आबांकडूनच. ताई फोन तपासणार नाहीत. फोन तपासून कुणाचं समाधान झालेलं मी अजून पाहिलं नाही; आज काही सापडलं नाही तर उद्या परत बघावंसं वाटतं.

हे सगळं समोरचा माणूस बोलायला तयार असेल तरच. विचारलं की तो तुम्हालाच वेडी ठरवत असेल, पैसे अडवत असेल, हात उगारत असेल, तर जोडीने समुपदेशन ही पहिली पायरी नाही. 181 ही महिला हेल्पलाइन आहे आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही आहे.

युती झाली नाही, अध्यक्ष तिसऱ्याच गटाचा झाला. ती बाई कुठे गेली नाही. आबांच्याच समितीवर आहे, बैठकीला दोघं समोरासमोर असतात. ताईंना ते आवडत नाही, आणि आवडावं असा माझा आग्रहही नाही.

ज्या भेटीला आम्ही शेवटची म्हणत होतो, तिच्यात आबा सहज बोलून गेले, की फोनमध्ये आता तिचं खरं नाव टाकलंय. आधी तो नंबर ‘पाणीपुरवठा साहेब’ म्हणून होता. दोघंही हसत होते. मी डायरी उघडली आणि पुढच्या गुरुवारची वेळ दिली.